रिकामं सिंहासन, बंद दार: रोकोको काळातली धार्मिक चित्रं कशी वाचायची

मार्की द वेरी नावाच्या फ्रेंच उमरावाने १७७५ च्या सुमारास फ्रागोनार या चित्रकाराकडून एक धार्मिक चित्र करून घेतलं. बाळ येशूच्या दर्शनाला आलेले मेंढपाळ, बाळापासून फाकणारा उजेड, त्यापुढे वाकलेली साधी माणसं. मग याला जोड म्हणून त्याने आणखी एक चित्र मागितलं. फ्रागोनारने दिलं ते ‘कडी’. विस्कटलेला पलंग, लाल पडदे, रेशमी झग्यातली तरुणी आणि तिला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने दाराची कडी सरकवणारा पुरुष. दोन्ही चित्रं आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहेत आणि ती एकमेकांची जोडीदार कशी, हा प्रश्न बघणाऱ्याला पडतोच.

उत्तराचा धागा म्हणून बोट दाखवलं जातं ते पलंगाजवळच्या मेजावरच्या सफरचंदाकडे. एदेन बागेत देवाने मना केलेलं फळ खाणाऱ्या पहिल्या स्त्रीची, हव्वेची, आठवण करून देणारं फळ. ख्रिस्ती परंपरा येशूच्या आईला, मरियेला, दुसरी हव्वा मानते: पहिलीने जे घालवलं ते दुसरीच्या मुलाने परत मिळवून दिलं. म्हणजे एका चित्रात पाप आणि दुसऱ्यात त्यातून सुटका. मला हा अर्थ पटतो. फक्त, सफरचंद रंगवताना फ्रागोनार गंभीर होता की गालातल्या गालात हसत होता, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये.

रोकोको म्हटलं की आपल्याला ‘कडी’च्या घराण्यातली चित्रं आठवतात. झोपाळे, गुलाबी गाल, बागेतली प्रेमं. साधारण १७२० ते १७७० या काळात पंधराव्या लुईच्या फ्रान्समधून ही शैली युरोपभर गेली. फिकट रंग, शिंपल्यासारखी वळणं घेणारी नक्षी, डावं-उजवं मुद्दाम सारखं न ठेवलेली मांडणी ही तिची खूण. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांची शैली, असा शिक्का तिच्यावर बसला. पण तिची सगळ्यात मोठी चित्रं दिवाणखान्यात नाहीत. ती चर्चच्या छतांवर आहेत, आणि तीही पॅरिसपेक्षा व्हेनिस, दक्षिण जर्मनीतले बव्हेरिया आणि स्वाबिया, ऑस्ट्रिया या भागांत जास्त. छत काही संग्रहालयात टांगता येत नाही. पुस्तकांतून ती मागे पडली याचं एक कारण इतकं साधं असावं.

या चित्रांवरचा नेहमीचा आक्षेप असा की ती फार हलकी, फार गोड आहेत. भक्तीचा विषय आणि रंग मात्र मिठाईचे. माझं म्हणणं असं की या हलकेपणालाच अर्थ आहे, आणि तो कळल्याशिवाय त्यातली चिन्हं सुटी सुटी ओळखून फार हाती लागत नाही.

आधीची पार्श्वभूमी थोडक्यात. प्रोटेस्टंट बंडानंतर कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत (१५४५–१५६३) चित्रांची बाजू घेतली: चित्रांनी लोकांना शिकवावं, मनं हलवावीत. त्यातून पुढे बरोक शैली फोफावली. काळोख, त्याला चिरणारा प्रकाशाचा झोत, हुतात्म्यांच्या जखमा, कवट्या. अठराव्या शतकापर्यंत कॅथलिक युरोपातली ही निकड ओसरली होती. धर्मयुद्धांची होरपळ मागे पडली होती, आणि १६८३ मध्ये व्हिएन्नाचा वेढा उठल्यावर तुर्कांचं भयही मागे सरलं होतं. शिकवण तीच राहिली, तिचा सूर बदलला. हे ऐकायला जरा हवेतलं वाटेल, म्हणून एका छताखाली जाऊन उभं राहू.

दक्षिण बव्हेरियात, आल्प्सच्या पायथ्याशी, कुरणांमध्ये व्हीस नावाची जागा आहे. जवळच्या श्टाइनगाडेनच्या मठात १७३० मध्ये गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी येशूची एक मूर्ती तयार केली गेली. फटके खाल्लेला, साखळदंडांनी बांधलेला येशू. जुन्या लाकडी मूर्तींचे सुटे भाग जोडले, सांध्यांवर कापड चिकटवलं, वरून जखमा रंगवल्या. ती इतकी केविलवाणी दिसे की काही वर्षांनी मिरवणुकीतून काढून टाकली गेली आणि अडगळीत पडली. तिथून ती मारिया लोरी या शेतकरणीच्या घरी आली. १४ जून १७३८ रोजी तिला मूर्तीच्या डोळ्यांत अश्रू दिसले. यात्रेकरूंची रीघ लागली, छोटं प्रार्थनाघर पुरेना, आणि १७४५ ते १७५४ या काळात तिथे एक चर्च उभं राहिलं. वास्तुरचना डोमिनिकुस झिमरमानची, छतावरची चित्रं त्याचा थोरला भाऊ योहान बाप्टिस्ट झिमरमानची.

आत पाऊल टाकल्यावर बुचकळ्यात पडायला होतं. मूर्ती रक्ताळलेली, आणि तिच्याभोवतीचं चर्च पांढरं, सोनेरी, निळसर, उजेडाने भरलेलं. खिडक्या मोठ्या, भिंती जणू नावापुरत्या. छत आभाळासारखं उंच भासतं. खरं तर ते लाकडी पट्ट्यांवर गिलावा देऊन केलेलं, बरंच सपाट कवच आहे. मूर्ती असलेल्या वेदीच्या बाजूचे खांब मात्र लाल आहेत. तो लाल सांडलेल्या रक्ताचा, आणि वरच्या भागातला निळा स्वर्गातून उतरणाऱ्या कृपेचा, असा अर्थ तिथे सांगितला जातो. रंगांचीच वाक्यं आहेत ही: रक्त खाली, त्याचं फळ वर.

आता मधल्या मोठ्या छताकडे. मध्यभागी येशू इंद्रधनुष्यावर बसलेला आहे. इंद्रधनुष्य बायबलातल्या दोन पुस्तकांमधून येतं. ‘उत्पत्ती’मध्ये जलप्रलयानंतर देव नोहाला वचन देतो की पुन्हा असा नाश करणार नाही, आणि त्या वचनाची खूण म्हणून धनुष्य ढगांत ठेवतो. ‘प्रकटीकरण’मध्ये देवाच्या सिंहासनाभोवतीही धनुष्य आहे. म्हणून शेवटच्या न्यायाच्या चित्रांत येशूला इंद्रधनुष्यावर बसवायची रीत मध्ययुगापासून होती. त्या चित्रांत खाली एका बाजूला तारलेले आणि दुसऱ्या बाजूला नरकाच्या जबड्यात ढकललेले लोक असत. व्हीसमध्ये नरक शोधून पाहा, सापडत नाही. छताच्या एका टोकाला न्यायाचं सिंहासन आहे आणि ते रिकामं आहे. समोरच्या टोकाला अनंताचं भव्य दार आहे आणि ते बंद आहे. दारावर शेपटी तोंडात धरलेला साप, म्हणजे आदि-अंत नसलेला काळ. पायथ्याशी माणसाचा मोजका काळ आडवा पडलेला. सोबत ‘प्रकटीकरण’मधलं लॅटिन वचन, की यापुढे काळ उरणार नाही.

म्हणजे न्याय व्हायचा आहे, झालेला नाही. न्यायाधीश अजून आसनावर बसलेला नाही. तो धनुष्यावर बसून आपल्या जखमांची आणि देवदूतांनी आणलेल्या क्रुसाची आठवण देतो आहे. खाली उभ्या असलेल्या यात्रेकरूला हे छत सांगतं की तुझ्याकडे अजून वेळ आहे. भीतीचं सगळं सामान छतावर हजर आहे, फक्त वापरलेलं नाही. तो फिकट निळा, ते मोकळं आभाळ, ते कोवळे ढग या सवलतीच्या काळाचे रंग आहेत. याच छतावर गडद तपकिरी अंधार ओतला असता तर चिन्हं तीच राहूनही अर्थ उलटा झाला असता.

रोकोकोत चित्राची चौकटही बोलते. व्हीससारख्या चर्चमध्ये गिलाव्याची नक्षी कुठे संपते आणि रंगवलेलं चित्र कुठे सुरू होतं हे पटकन सांगता येत नाही. कुठे चित्रातला ढग चौकटीबाहेर सांडतो, कुठे गिलाव्याच्या देवदूताचा पाय खरोखर भिंतीबाहेर लोंबतो. कारागिरांची गंमत तर त्यात आहेच. पण स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यामधली रेघ पुसट आहे, हे सांगायची याहून चांगली युक्ती मला तरी माहीत नाही.

इतकं सैल, खेळकर वातावरण बघून वाटेल की चित्रकारांना रान मोकळं होतं. तसं अजिबात नव्हतं, आणि याचा एक झकास पुरावा त्याच मुलखातला आहे. व्हीसपासून जवळच असलेल्या काउफबॉयरेन गावात क्रेसेंतिया ह्यॉस नावाची फ्रान्सिस्कन संन्यासिनी होती (२००१ मध्ये तिला संतपद मिळालं). तिला पवित्र आत्म्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या ख्रिस्ती त्रैक्यातल्या तिसऱ्याचं, दर्शन एका सुंदर तरुणाच्या रूपात झालं होतं. तशी चित्रं तयार झाली, लोकांत पसरली. १७४४ मध्ये ती वारली आणि पुढच्याच वर्षी पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ऑक्सबुर्गच्या बिशपला पत्र लिहून हे रूप अमान्य ठरवलं. कारण नीट कायदेशीर होतं: शास्त्रात देव ज्या रूपात प्रकटल्याचं म्हटलं आहे, त्याच रूपात त्याला रंगवावं. पवित्र आत्मा येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी कबुतरासारखा उतरला आणि येशूच्या पुनरुत्थानानंतरच्या पन्नासाव्या दिवशी अग्नीच्या जिभांसारखा. म्हणून कबुतर चालेल, ज्वाळा चालतील, तरुण मुलगा चालणार नाही. पित्याला पांढऱ्या दाढीचा वृद्ध म्हणून रंगवता येतं, कारण दानिएलाच्या दृष्टान्तात तो तसा दिसतो. त्या वर्षी व्हीसच्या चर्चचं बांधकाम सुरू होत होतं, आणि तेही ऑक्सबुर्गच्याच धर्मप्रांतात.

तेव्हा चिन्हांची भाषा ठरलेली होती आणि बघणाऱ्यांना ती येत होती. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री म्हणजे चार वेद आणि गाय म्हणजे पृथ्वी, हे आपल्याकडे कुणी पाटी लावून सांगत नाही, तसंच. चित्रकारांपर्यंत ही भाषा पोचवायचं काम छापील चित्रांनी केलं. ऑक्सबुर्ग हे त्या धंद्याचं मोठं केंद्र. तिथल्या क्लाउबर बंधूंच्या छापखान्यातून १७५० च्या सुमारास लोरेतोच्या स्तुतिमालेवरची चित्रमाला निघाली. या स्तुतिमालेत मरियेला एकामागून एक नावांनी हाक मारलेली आहे: गूढ गुलाब, हस्तिदंती मनोरा, न्यायाचा आरसा, पहाटेचा तारा. क्लाउबरांनी एकेका नावाला एकेक चित्र दिलं. लांबच्या खेड्यातल्या चर्चचं छत रंगवणाऱ्याला असे कागद म्हणजे हाताशी असलेला चिन्हकोशच.

आता व्हेनिस, आणि जाम्बात्तिस्ता तिएपोलो. या काळातला सगळ्यात थोर धार्मिक चित्रकार कोण, असं विचारलं तर मी दुसरं नाव घेणार नाही. त्याचा हात वेगवान होता आणि आभाळ त्याच्याइतकं रिकामं ठेवायची हिंमत फार थोड्यांत होती. डोमिनिकन संघाच्या जेझुआती चर्चमध्ये त्याने १७३७ ते १७३९ मध्ये छत रंगवलं. विषय जपमाळेची, म्हणजे रोझरीची, स्थापना. वर ढगांवर मरिया आणि बाळ, मध्ये लांबलचक पायऱ्यांवर संत डोमिनिक लोकांना जपमाळा वाटतो आहे. रोझरीचा सण सगळ्या कॅथलिक जगाला लागू होऊन तेव्हा जेमतेम दोन दशकं झाली होती (१७१६), त्यामुळे विषय ताजा होता. नजर वरून खाली आणली की पायऱ्यांच्या तळाशी पाखंडी लोक कोसळत चौकटीच्या बाहेर पडताना दिसतात, थेट आपल्या डोक्यावर. हेही लक्षात ठेवायला हवं. या लख्ख आभाळात सगळ्यांना जागा नव्हती.

व्हेनिसमध्येच कार्मिनी बंधुसंघाच्या सभागृहात तिएपोलोने १७४० च्या दशकात छतासाठी नऊ चित्रं केली. मधल्या चित्रात कार्मेल माता संत सायमन स्टॉकला दर्शन देते आणि देवदूत त्याच्यापुढे स्कॅप्युलर धरतो. दोन लहान कापडी तुकडे दोरीने जोडलेलं, गळ्यात घालायचं हे साधन. ते घालून मरणाऱ्याला शुद्धिस्थानातून (स्वर्गाआधी जीव शुद्ध होतात त्या जागेतून) लवकर सोडवण्याचं वचन मरियेने दिलं अशी श्रद्धा. वसई-मुंबईकडच्या कॅथलिकांना ते वेगळं सांगायला नको. चित्राच्या खालच्या भागात थडगी आणि वाट पाहणारे जीव आहेत, वर मरिया हवेत तरंगते आहे, आणि या दोन टोकांना जोडणारी वस्तू आहे हा कापडाचा चिमुकला तुकडा. इतक्या मोठ्या छताचा सगळा भार तिएपोलोने त्याच्यावर टाकला आहे.

त्याचं आणखी एक छत, लोरेतोचं पवित्र घर, म्हणजे मरियेचं मानलं जाणारं घर, देवदूत उचलून नेत असल्याचं, स्काल्झी चर्चमध्ये होतं. १९१५ मध्ये ऑस्ट्रियन बॉम्बने ते नष्ट झालं.

१७६२ मध्ये तिएपोलो स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या बोलावण्यावरून माद्रिदला गेला. आरांख्वेसच्या नव्या फ्रान्सिस्कन चर्चसाठी त्याला सात वेदीचित्रांचं काम मिळालं, त्यातलं एक ‘निष्कलंक गर्भसंभव’. पणजीचं ते झिगझॅग पायऱ्यांचं पांढरं चर्च याच नावाने आहे, त्यामुळे विषय आपल्याकडे अगदीच परका नाही. नावावरून अनेकांना वाटतं की ही येशूच्या जन्माची गोष्ट आहे. प्रत्यक्षात ती मरियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाची आहे: ती आईच्या पोटात आली तेव्हापासूनच, आदाम-हव्वेपासून सगळ्या माणसांच्या वाट्याला आलेल्या मूळ पापापासून मुक्त होती, ही श्रद्धा. चर्चने तिला अधिकृत सिद्धान्त म्हणून जाहीर केलं ते १८५४ मध्ये. स्पेन त्याच्या कितीतरी आधीपासून तिच्यासाठी हट्ट धरून होता, आणि १७६० मध्ये कार्लोसने या रूपातल्या मरियेला राज्याची संरक्षक करवून घेतलं होतं.

श्रद्धेला आकार नसतो आणि गर्भसंभव काही रंगवता येत नाही. मग चित्रकार ‘प्रकटीकरण’च्या बाराव्या अध्यायाकडे वळत. तिथे सूर्य पांघरलेली, पायांखाली चंद्र असलेली, डोक्यावर बारा ताऱ्यांचा मुकुट घातलेली स्त्री आहे. तिएपोलोच्या चित्रात ताऱ्यांचं वलय आहे, चंद्रकोर आहे, वर पवित्र आत्म्याचं कबुतर आहे. देवदूतांजवळ लिली, म्हणजे निर्मळपणा, आणि काटे नसलेल्या स्वर्गीय गुलाबाची आठवण देणारा गुलाब. ती उभी आहे पृथ्वीच्या गोलावर. तिच्या पायाखाली चिरडलेला साप, आणि त्याच्या तोंडात अजून ते सफरचंद. फ्रागोनारच्या मेजावरचं तेच फळ. मरियेचा चेहरा मात्र पाहण्यासारखा आहे. स्पेनमध्ये मुरिल्यो या चित्रकाराने रूढ केलेली कोवळी, डोळे वर लावलेली मुलगी इथे नाही. तिएपोलोची मरिया खाली, काहीशा अलिप्तपणे बघते. जिंकल्याचा गाजावाजा तिला करायचा नाही. पापाशी झटापट झालीच नाही, तिला ते मुळी शिवलंच नाही, हा सिद्धान्त एखाद्या चेहऱ्यात इतका नेमका उतरलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

२७ मार्च १७७० रोजी तिएपोलो माद्रिदमध्ये वारला. राजाचा धर्मगुरू होआकिन दे एलेता याला हव्या होत्या आंतोन मेंग्सच्या शिस्तीतल्या, ग्रीक-रोमन मूर्तींसारख्या आकृती. काही वर्षांतच तिएपोलोची चित्रं वेदींवरून उतरली आणि त्या जागी मेंग्स आणि त्याच्या वळणाच्या चित्रकारांची आली. काहींचे पुढे तुकडे झाले. ज्या संताच्या नावाने चर्च होतं त्या पास्काल बायलोनचं मुख्य चित्रही दोन भागांत उरलं आहे. ‘निष्कलंक गर्भसंभव’ अखंड राहिलं. ते आता माद्रिदच्या प्रादोमध्ये आहे.

फ्रान्समध्ये आक्षेप वेगळ्या तोंडाने आला. मादाम द पोंपादूर, म्हणजे राजा पंधराव्या लुईची लाडकी, तिने बेल्व्ह्यूच्या वाड्यातल्या खासगी प्रार्थनागृहासाठी १७५० मध्ये बुशे या चित्रकाराकडून ‘जगाचा प्रकाश’ करून घेतलं. नाव योहानाच्या शुभवर्तमानातलं. चित्रातला सगळा उजेड बाळापासून निघतो. ही कल्पना चौदाव्या शतकातल्या संत ब्रिजिटच्या दृष्टान्तापासून चालत आलेली. चिन्ह जागच्या जागी आहे, चित्र देखणं आहे. पण मरियेचा चेहरा बुशेच्या मेंढपाळणींचा आणि रतिदेवतांचाच. तत्त्वज्ञ आणि कलासमीक्षक दीदरोने १७६१ मध्ये बुशेबद्दल म्हटलं की या माणसाकडे सगळं आहे, एक सत्य सोडून. बुशेपुरतं मला दीदरोशी भांडावंसं वाटत नाही. मात्र त्याच्या काठीने सगळ्याच रोकोको भक्तिचित्रांना झोडपलं गेलं, हे चुकलं. बुशेचा उजेड खोलीभर पसरतो आणि तिथेच थांबतो. व्हीसच्या छताखाली उभा राहणारा शेतकरी घरी जाताना काहीतरी हिशेब करत गेला असेल.

राज्यकर्त्यांचा हिशेब निराळा होता. तिएपोलो गेला त्याच वर्षी, १७७० मध्ये, बव्हेरियाच्या शासनाने हुकूम काढून खेड्यांतल्या चर्चमधली भपकेबाज सजावट बंद करायला आणि साधेपणा पाळायला सांगितलं. १८०३ मध्ये मठ सरकारजमा झाले तेव्हा व्हीसचं चर्चही विकायचं किंवा पाडायचं घाटत होतं. आसपासच्या शेतकऱ्यांनी विरोध केला म्हणून ते वाचलं; १९८३ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आणि याच सुमाराला ब्राझीलमध्ये रोकोको जोरात चालू होता. सोन्याच्या खाणींवर मोठ्या झालेल्या ओरो प्रेतो शहरात, आसिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये, मानुएल दा कोस्ता आताइदे याने १८०१ नंतरच्या दशकात लाकडी छत रंगवलं. तेच उघडं आभाळ, तीच शिंपल्यांची वळणं, मरियेभोवती वाद्यं वाजवणारे देवदूत. त्याची मरिया मात्र सावळी आहे. नाक-डोळे आफ्रिकी आणि युरोपीय रक्ताच्या मिसळीतून आलेले, त्या शहरातल्या रस्त्यावर रोज दिसणारे. देवदूतही तसेच.